टोळी, समतोल आणि विश्रांती

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत एक सिद्धान्त धर्मवचनासारखा मानला जातो: टोळी समतोल हवी. पुढे राहून घाव झेलणारा योद्धा, मागून मंत्र टाकणारा जादूगार, जखमा भरून काढणारा पुरोहित आणि सापळे उलगडणारा चोर एकत्र आले की मोहीम फत्ते. या परंपरेचा मूळपुरुष असलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये १९७४ साली पहिले तिघेच होते. चोर १९७५ साली आला. १९९८च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये टोळी सहाजणांची झाली. तीत कोणाला घ्यावे आणि कोणाला गाळावे, यावर आजही तावातावाने वाद होतात.

माझा आक्षेप या वादाच्या गृहीतकालाच आहे. कामांची चोख वाटणी झाली म्हणजे समतोल साधला, असे त्यात धरून चालले जाते. आम्हा बीडकरांना हे मान्य करणे कठीण आहे, कारण 'टोळी' हा शब्द आमच्याकडे फार निराळ्या अर्थाने रुळलेला आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या बांधल्या जातात. मुकादम उचल देतो आणि कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे एक जोडपे. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, अशी कामे दोघांत वाटलेली असतात. एकट्या माणसाची गणना अर्ध्या कोयत्यात होते. अशी टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर उतरते, तेव्हा वाटणीत कुठेही फट उरलेली नसते. खेळाडूंच्या मापाने पाहिले तर याहून समतोल टोळी सापडणार नाही.

मग या टोळीतला पुरोहित कोण? पहाटे कोपीपुढे चूल पेटवणारी, मूल पाजणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई. तीच दिवसभर मोळ्या वाहते आणि हिशेबात मात्र अर्धीच धरली जाते. तिने एक दिवस अंग टाकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने पुढे आलेल्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून वारंवार सांगितले गेले.

खेळाची आणि ऊसतोडीची तुलना हा अतिरेक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु या तुलनेत खेळच उजवा ठरतो! तिथे कल्पित वीरही थकतात. झोप घेतल्यावाचून जादूगाराला खर्ची पडलेले मंत्र परत मिळत नाहीत. टोळीला तळ ठोकून निजावे लागते आणि त्याबद्दल कोणी तिचा मोबदला कापत नाही. खेळाडू या नियमाला वेळेचा अपव्यय समजून चरफडतात. त्या खेळात समतोल म्हणण्याजोगे काही असेल तर ते याच नियमात आहे, असे माझे मत आहे.

चोर हवा की दुसरा पुरोहित, हा वाद खुशाल चालू द्यावा. मात्र कुठल्याही टोळीला समतोल म्हणण्यापूर्वी तिला दंडावाचून निजता येते का, एवढे विचारून घ्यावे.