यंत्राला घाम येत नाही

मराठवाड्यात कडक ऊन आणि परीक्षेनंतरची सुटी बरोबरच येतात. ती आली की अलीकडे घराघरांत एक नवे भांडण उभे राहते. दुपारची जेवणे होतात, वडीलधारी मंडळी जरा लवंडतात आणि मुलगा आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे सारे सुरळीत चालते. मग डब्यातला पंखा घरघरू लागतो, पडद्यावरची मोटार धावता धावता अडखळते, चित्र तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकते. मुलगा वैतागून टेबलावर हात आपटतो आणि वडिलांची झोप मोडते. "दिवसभर खेळ खेळ खेळून मशीनची वाट लावलीस!" हा वडिलांचा निष्कर्ष. "मशीनच जुनं झालंय बाबा, नवं घ्यावं लागतंय," हा मुलाचा. दुकानदाराला विचारले तर तो बहुधा मुलाच्या बाजूने कौल देतो. त्याला नवे यंत्र विकायचे असते.

माझे म्हणणे असे की, या खटल्यात आरोपीच चुकीचा धरला गेला आहे. दोष मुलाचा नाही आणि बहुतेक वेळा यंत्राचाही नाही. दोष त्या खोलीतल्या उष्णतेचा आणि डब्यात साचलेल्या धुळीचा आहे. ही गोष्ट समजून घेतली तर साठ-सत्तर हजारांचा खर्च टळेल आणि बाप-लेकांमधला अबोलाही.

कॉम्प्युटरच्या पोटात दोन चिपा मुख्य असतात. एक हिशेब करणारी, दुसरी चित्रे रेखाटणारी. पत्र लिहिताना किंवा पासबुकाची नोंद करताना त्यांना फारसे श्रम पडत नाहीत. गेममध्ये मात्र सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक चित्रे काढावी लागतात. दोघी पूर्ण ताकदीने राबतात आणि तापतात. त्यांचे तापमान ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेले की यंत्र स्वतःहून आपला वेग कमी करते, म्हणजे उष्णता कमी होते आणि चिप जळत नाही. आपण ज्याला बिघाड म्हणतो ते यंत्राचे शहाणपण आहे. बैल दमला की पाऊल आखडतो, तसे.

आता आपल्या हवेचा हिशेब मांडू. आयुष्य बँकेत आकडेमोड करण्यात गेल्यामुळे हा हिशेब मला फार बोलका वाटतो. समजा, पूर्ण जोरात चालताना एखादी चिप खोलीतल्या हवेपेक्षा ६० अंशांनी अधिक तापते. खोली २५ अंशांची असेल तर चिप ८५ वर राहील आणि खेळ निर्धास्त चालेल. तीच खोली नांदेडच्या मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंशांवर गेली, तर चिपेला १०२ वर जावे लागेल. ते तिला परवडणारे नाही, म्हणून ती मंदावते. यंत्र तेच, खेळ तोच, मुलगाही तोच. बदलली ती फक्त हवा. जानेवारीत उत्तम चालणारे मशीन एप्रिलमध्ये 'जुने' का होते, याचे उत्तर या बेरजेत आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने गोदाकाठच्या नांदेडपेक्षा थोडे कमी तापते. पण वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत तो फरक कुठल्या कुठे जातो.

पुष्कळजण यावर टेबल फॅन लावतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पंखा आपल्याला गार करतो तो मुख्यतः घाम वाळवून. यंत्राला घाम येत नाही. ४२ अंशांच्या खोलीतला पंखा त्याच्यावर ४२ अंशांचीच हवा फेकणार. साचलेली गरम हवा हलवण्याइतकाच त्याचा उपयोग. कूलर लावला तर कोरड्या हवेत खोलीचे तापमान खरोखरच उतरते आणि यंत्रालाही त्याचा फायदा होतो. मात्र कूलरचे तोंड थेट डब्याकडे करू नये. ओल, तुषार आणि धूळ एकत्र झाली की आतल्या धातूला गंज चढतो. शिवाय कूलरला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत.

कॉम्प्युटरला थंडावा लागतो हे आपल्याला नव्याने कळले आहे असेही नाही. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या 'एनियाक' या अवाढव्य संगणकात सुमारे १८ हजार काचेच्या नळ्या होत्या, आणि त्यांची उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे बसवावे लागले होते. आपल्याकडे १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रे येऊ लागली. मला तो काळ चांगला आठवतो. संगणकासाठी शाखेत स्वतंत्र खोली, खिडक्या बंद, दाराला काच, आत वातानुकूलन. चपला दाराबाहेर काढून जायचे, देवघरात जावे तसे. आम्ही कारकून-अधिकारी बाहेर पंख्याखाली खातेवह्यांची पाने उडू नयेत म्हणून त्यांवर वजने ठेवून बसायचो आणि काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत पाच मिनिटे रेंगाळायचो. पुढे तेच यंत्र शेकडो पटींनी ताकदवान होऊन घरात आले आणि आपण त्याला कुठे बसवले? लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून, वर भरतकामाचे झाकण घालून. लॅपटॉप असेल तर गादीवर. त्याची हवा घ्यायची भोके बहुधा तळाशीच असतात. उशीवर तोंड दाबून कोणी धावेल काय?

तेव्हा उपाय साधे आहेत. प्रथम निदान करावे. खेळ सुरुवातीला नीट चालून पंधरा-वीस मिनिटांनी मंदावत असेल आणि अर्धा तास विश्रांती दिल्यावर पुन्हा नीट होत असेल, तर दोष उष्णतेचा. चित्र सफाईने हलते, पण खेळातली पात्रे मध्येच उड्या मारतात, तर दोष इंटरनेटचा. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो तेव्हाही तो मंदावतो, ते वेगळे. तापमान दाखवणारे कार्यक्रम फुकट मिळतात. मुलाला ते ठाऊक असतात, त्याला आकडे वहीत टिपून ठेवायला सांगावे.

मग डबा बंद कप्प्यातून बाहेर काढावा, भिंतीपासून वीतभर दूर आणि फरशीपासून थोडा उंच ठेवावा. लॅपटॉप कठीण पाटावर ठेवून मागची बाजू दोन बोटे उचलून धरली तरी फरक पडतो. त्यानंतर धूळ. आपल्याकडची धूळ साधी नाही. काळ्या रानाची माती, मोंढ्यातला भुसा, कापसाचे तंतू यांचा थर चिपेवरच्या धातूच्या पट्ट्यांत गोधडीसारखा बसतो. डब्याची वायर काढावी, चालू करायचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, गच्चीत नेऊन मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ उडवावी. पंख्याचे पाते मात्र बोटाने धरून ठेवावे, ते वाऱ्याने गरागरा फिरले तर खराब होते. ओले फडके अजिबात नको.

चिप आणि वरचा धातू यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. काही वर्षांनी ती वाळते. जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली की पुष्कळदा तापमान लक्षणीय उतरते. हे काम डब्याच्या कॉम्प्युटरमध्ये सोपे. लॅपटॉप मात्र जाणत्या कारागिराकडे न्यावा आणि शक्यतो समोर बसून करून घ्यावा. शेवटी खेळाच्याच सेटिंगमध्ये सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घालावी, सावल्यांचा आणि प्रकाशाचा थाट कमी करावा. खेळाची गोडी जात नाही, यंत्राचा भार मात्र हलका होतो. बर्फाच्या पिशव्या ठेवणे, यंत्र फ्रिजमध्ये ठेवणे असले प्रयोग करू नयेत. आत दव धरते आणि यंत्र कायमचे जाते.

ही सारी कामे मुलालाच करू द्यावीत असे मला वाटते. वडिलांनी शेजारी बसून स्क्रू वाटीत जपून ठेवावेत. जे यंत्र आपण उघडून स्वच्छ केले, त्याच्याशी मूल वेगळ्या रीतीने वागते. आमच्या पिढीने सायकलची ओव्हरहॉलिंग अंगणात बसून केली. ही या पिढीची सायकल आहे.

पण मला खरे बोलायचे आहे ते यापुढचे. यंत्राच्या पोटात उष्णता मोजण्याची सोय असते, म्हणून ते वेळेवर मंदावते आणि आपण धावाधाव करतो. त्याच खोलीत त्याच्यासमोर बसलेल्या मुलाचे काय? लातूरला राज्यभरातून मुले-मुली वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी येतात. नांदेडलाही आता क्लासेसच्या भागात खोल्यांची रांग लागली आहे. यांतल्या कितीतरी खोल्या गच्चीवर, पत्र्याखाली आहेत. तिथे दुपारी तीन वाजता पुस्तकासमोर बसलेले पोर मंदावले, तर त्याला कोणी उष्णता म्हणत नाही. आळस म्हणतात, लक्ष नाही म्हणतात. यंत्राला जो न्याय, तो लेकराला नाही!

आपल्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर होता. भर उन्हाळ्यात आत गारवा असे. ती घरे पाडून आपण सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आणले. सोयी आल्या, गारवा गेला. तो थोडाफार परत आणणे अशक्य नाही. स्लॅबवर पांढरा चुना फासावा, समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करावी. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला आणि पुढे तिथे छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. आपल्या दोन्ही शहरांतल्या महापालिकांना, आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनाही, एवढे करणे जमण्यासारखे आहे. ज्या खोलीचे भाडे घेतो, त्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी मालकाने स्वतः तासभर बसून पाहावे.

म्हणून या सुटीत घरातला कॉम्प्युटर अडखळू लागला तर मुलावर ओरडण्याआधी आणि दुकानात जाण्याआधी खोलीत एक तापमापक टांगा. आकडा चाळिसाच्या वर दिसला तर यंत्राची धूळ झाडाच. पण त्याबरोबर मुलाची खुर्चीही खालच्या मजल्यावर, सावलीतल्या खोलीत आणा.