अडीचशेचे खाते आणि दीड लाखाची सवलत

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतील वरिष्ठ अधिकारी आणि त्याच शहरात घरी बसून विड्या वळणारी स्त्री, दोघांनाही मुलीच्या नावे टपाल कचेरीत सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते, पंधरा वर्षे भरणा करावा लागतो आणि मुलगी अठरा वर्षांची अथवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर निम्म्यापर्यंत शिल्लक उच्च शिक्षणासाठी काढता येते. ठेव सुरक्षित, व्याज करमुक्त. योजनेचा हा गुण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु दार सर्वांना उघडे असणे म्हणजे लाभ समान असणे नव्हे. वर्षाचा किमान भरणा २५० रुपये, कमाल दीड लाख. जानेवारी २०२४ मध्ये लागू झालेला ८.२ टक्के दर अखेरपर्यंत टिकला असे धरले, तर २१ वर्षांनी किमान भरण्याच्या खात्यात सुमारे १२ हजार रुपये जमतील. कमाल भरण्याच्या खात्यात सुमारे ७२ लाख. करसवलत याहूनही विषम आहे. प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडून तीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे दीड लाखाच्या वजावटीने ४५ हजार रुपये वाचतात. जिचे उत्पन्न करपात्रच नाही, त्या विडी कामगार स्त्रीचा एक पैसाही वाचत नाही. थोडक्यात, ज्याची गरज कमी त्याला सरकारी मदत अधिक.

याच काळात दुसरीकडे काय घडले? १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर बसवला होता. त्यातून कामगारांसाठी दवाखाने चालत, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. शिक्षणाचा भार उद्योगाने उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. हक्काचा निधी गेला. शिष्यवृत्ती अर्थसंकल्पातील तरतुदीवर विसंबून राहिली.

राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या शिक्षण धोरणाला तेच उद्दिष्ट पुन्हा मांडावे लागले. सरकार जो खर्च टाळते, तो अखेरीस कुटुंबाच्या बचतीवर येऊन पडतो. आणि जेथे बचतच नाही, तेथे मुलीचे शिक्षण थांबते.

सुकन्या खाती बंद करावीत, अशी मागणी कोणीही करणार नाही. मागणी अशी हवी: करपात्र उत्पन्न नसलेल्या कुटुंबाच्या खात्यात सरकारने स्वतः भरणा करावा, आणि विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीला पुन्हा स्वतंत्र निधीचा कायदेशीर आधार द्यावा. कामगार संघटनांच्या मागणीपत्रात मजुरीच्या दराशेजारी या मागणीला स्थान मिळाले पाहिजे.