‘मावशी, मला वेड लागत नाहीये ना गं?’

माझी भाची तेव्हा बारावीत होती. दिवाळीला आमच्याकडे आली होती. घरात फराळाचा पसारा, पाहुण्यांची ये-जा आणि ही गच्चीत एकटी. मी चकल्यांची ताटली घेऊन वर गेले तर हळूच म्हणाली, ‘‘मावशी, समोरच्या बिल्डिंगमधले लोक माझ्याबद्दल बोलतात असं वाटतं. तसं नसणार, कळतं मला. पण वाटतंच. मला वेड लागत नाहीये ना गं?’’

मी काय म्हणाले असेन? ‘‘चल, काहीतरीच! अभ्यासाचं टेन्शन आहे. झोप नीट काढ.’’ ताईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. ‘‘बाहेर बोलू नकोस हं कुठे. उद्या तिचं लग्न जमवायचंय.’’

दीड वर्षानं तिच्या बोलण्यातला ‘वाटतं’ हा शब्दच गेला होता. लोक बोलतात म्हणजे बोलतातच! डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायची, आजारी मी नाही, तुम्ही आहात.

पुढे मनोविकारतज्ज्ञांनी समजावलं तेव्हा ती गच्चीतली संध्याकाळ आठवून मला रडू फुटलं. सायकोसिस एका रात्रीत येत नाही. बहुतेकदा आधी काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं संशय येतात, भास होतात; पण ‘हे खरं की माझ्या मनाचे खेळ?’ ही शंकाही सोबत असते. आजार पुरता जडला की पुष्कळांचं हे भानच हरपतं. तो हट्टीपणा नव्हे, आजाराचाच भाग. मेलबर्नमध्ये तर १९९४ सालीच अशा उंबरठ्यावरच्या मुलांसाठी खास क्लिनिक निघालं. आणि उंबरठ्यावरची बहुतेक मुलं पुढे सायकोसिसपर्यंत जात नाहीत. डॉक्टरकडे गेलं म्हणजे शिक्का बसला, असं मुळीच नाही. अनेकदा सुरुवातीला बोलणं, झोप सुधारणं, गांजाबिंजापासून दूर राहणं आणि लक्ष ठेवणं, एवढंच असतं.

२००४ मध्ये ‘देवराई’ बघताना मी रुमाल भिजवला होता. पण पडद्यावरचा शेष ओळखणं सोपं हो. आपल्या गच्चीतली पोरगी नाही ओळखता आली.

आपल्याला वाटतं, धीर देणं हेच आई-मावशीचं काम. पण ‘काही नाही झालं तुला’ म्हटलं की मूल पुन्हा विचारत नाही. शिवाय ज्याला आपलं बिनसतंय हे कळतं, त्याला त्याची लाज वाटते, निराशाही जास्त येते म्हणतात. ते ओझं एकट्यानं वाहायचं? ‘असं कधीपासून होतंय? झोप लागते का? चल, दाखवून येऊ’, एवढं मी म्हणायला हवं होतं. थायरॉइडसाठी नाही का आपण लगेच रक्त तपासत? दवाखान्याची पायरी चढायला धीर होत नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीतून बोलता येतं.

भाची आता नोकरी करते. गोळ्या चालू आहेत. मधे एक वाईट वर्षही गेलं, ते लिहीत नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘‘मावशी, ऑफिसात परत तसं वाटायला लागलंय. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातेय. येतेस?’’

शुक्रवारी माझी भिशी होती. मैत्रिणींना कळवून टाकलं, येत नाही.