ऑटो फायरमन बंद करा

सेमिस्टर संपलीये, दुपार मोकळी आहे आणि तुम्ही लॅपटॉपवर ट्रेन सिम्युलेटर उघडता. समोर इंजिनांची यादी येते. काय निवडणार? खरं सांगा. ताशी तीनशेनं पळणारी एखादी चकचकीत हायस्पीड ट्रेन, नाहीतर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’सारखं नावाजलेलं मोठं इंजिन. यादीत खाली कुठेतरी एक बुटकं, सहा चाकांचं ब्रिटिश वाफेचं इंजिन असतं. मागे दोन डबे, समोर एकेरी रूळ. त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. आमचं म्हणणं असं की तुम्ही तेच निवडा. आणि निवडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन आपोआप कोळसा घालणारा फायरमन बंद करा.

उदाहरण म्हणून ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ५७०० वर्गाचं ‘पॅनियर टँक’ घेऊ. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिनं बनली. याला कोळसा-पाण्यासाठी मागे वेगळा टेंडर नाही, सगळा संसार स्वतःच्याच अंगावर. बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, गाढवाच्या पाठीवर दोन बाजूंना गोण्या टाकाव्यात तशा. ‘पॅनियर’ म्हणजे जनावराच्या पाठीवर अशा दोन बाजूंना लटकणाऱ्या टोपल्याच. लहानपणी ‘थॉमस अँड फ्रेंड्स’ पाहिलं असेल तर त्यातला ‘डक’ आठवा. तो हाच. ही इंजिनं बातमीत येणारी नव्हेत. यार्डात डबे लावायचे, मालाच्या वॅगन ओढायच्या, फाट्यावरच्या लाइनीवर गावोगावची माणसं न्यायची, हे त्यांचं रोजचं काम.

आता चालवायला बसा. डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिनात हँडल पुढे केलं की गाडी पळते. इथेही रेग्युलेटर उघडला की वाफ सिलिंडरमध्ये जाते आणि चाकं फिरतात. पण ती वाफ आली कुठून? बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला २०० पौंड हवा. तो टिकवायला आग हवी, आगीला कोळसा हवा, बॉयलरमध्ये पाणी हवं. गंमत अशी की या सगळ्या गोष्टी एकमेकींच्या पायात येतात. नवा कोळसा टाकला की आग लगेच भडकत नाही, आधी थोडी मंदावते. इंजेक्टर सुरू करून बॉयलरमध्ये पाणी सोडलं की ते टाकीतलं पाणी गरम होईपर्यंत दाब खाली येतो. म्हणजे चढावर वाफ हवी असेल, तर आगीची तयारी चढ दिसायच्या कितीतरी आधी करायची. चढाच्या पायथ्याशी तुम्हाला जाग आली, तर उशीर झालेला असतो.

माझ्या पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं. दाब उतरायला लागला म्हणून मी घाबरून फावड्यांमागून फावडी कोळसा टाकला, त्यात पाणी कमी दिसलं म्हणून इंजेक्टरही उघडला. दोन मिनिटांत गाडी चढाच्या मधोमध उभी. काटा खाली, आग काळवंडलेली, आणि मागच्या डब्यांत बसलेले काल्पनिक प्रवासी बहुधा मला शिव्या घालत होते.

मोठ्या इंजिनात मोठा बॉयलर असतो, त्यामुळे चुकीला थोडा अवधी मिळतो. छोट्या इंजिनात साठाच कमी. पॅनियरच्या टाक्यांत १,२०० गॅलन, म्हणजे साधारण साडेपाच हजार लिटर पाणी. उधळपट्टी केली की ते लगेच दिसतं. म्हणून रिव्हर्सर वापरायला शिकावं लागतं. गाडी सुटताना सिलिंडरमध्ये वाफ जास्त वेळ सोडायची. वेग आला की रिव्हर्सर मागे घेत थोडीच वाफ आत घ्यायची आणि तिला तिच्या फुगण्याच्या जोरावर काम करू द्यायचं. तेवढ्याच पाण्या-कोळशात गाडी लांब जाते.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. सिलिंडरमधली वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना आगीतून हवा ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं जास्त राबतं, तितकी त्याची आग जास्त पेटते. आणि रेग्युलेटर बंद केला की ही ओढ थांबते. तेव्हा ब्लोअर उघडला नाही, तर भट्टीतल्या ज्वाळा उलट ड्रायव्हरच्या केबिनमध्ये येऊ शकतात. तसंच चढ चढताना पाणी बॉयलरच्या मागच्या बाजूला येतं आणि काचेच्या नळीत भरपूर दिसतं. माथा ओलांडला, उतार लागला की तेच पाणी पुढे सरकतं आणि नळीतली पातळी झपकन खाली येते. भट्टीचा माथा उघडा पडला तर खेळ खलास. म्हणजे ‘आत्ता सगळं ठीक दिसतंय’ यावर विसंबून चालत नाही, पुढचा रूळ माहीत असावा लागतो.

यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण उपयोग काय? रेझ्युमेमध्ये ‘पॅनियर टँक चालवता येतं’ असं थोडंच लिहिणार? नका लिहू. पण आपल्याला बटण दाबताक्षणी परिणाम बघायची सवय लागलीये, आणि हे इंजिन ती सवय मोडतं. शिवाय हेही दाखवतं की ‘साधं’ समजलं जाणारं काम साधं नसतं. फावडं मारणाऱ्या माणसाला अडाणी कामगार म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी अर्धा तास बसून बघा. ऑटो फायरमन सुरू ठेवला, तर नेमका हाच माणूस आपल्याला दिसत नाही.

अर्थात, स्क्रीनवर सगळं कळतं असा दावा नाही. तिथे धग लागत नाही, कोळशाची पूड डोळ्यांत जात नाही, पाठ दुखत नाही. आणि वाफेच्या इंजिनाचं फक्त गोड कौतुक करणंही बरोबर नाही. आपल्याकडे ब्रिटिश काळात ड्रायव्हरच्या वरच्या जागांवर बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन असत, कोळसा फेकणारे हात मात्र बहुतेक आपल्याच लोकांचे होते.

पण मग सिम्युलेटरमधली ही ब्रिटिश इंजिनं इतकी खरी का वाटतात? कारण ती जपणारी माणसं होती. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे बंद पडणार होती, तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. अशा प्रकारे वाचलेली ती जगातली पहिली रेल्वे. ब्रिटिश रेल्वेनं ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली, पण हौशी लोकांनी भंगारातून इंजिनं सोडवली. ५७०० वर्गातली १६ इंजिनं आजही आहेत. त्यामुळे आवाज, मोजमापं आणि मुख्य म्हणजे चालवायची रीत शिल्लक राहिली. निवृत्त ड्रायव्हरांनी पुढच्या पिढीला शिकवलं.

आता आपल्याकडे बघा. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, अडीच फुटी नॅरोगेज. तिचा अनुभव गाठीशी बांधून त्यानं इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. दोन्हीकडची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. म्हणजे धडा आधी बार्शीत गिरवला गेला, मग इंग्लंडमध्ये. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज हा तो मार्ग आज ब्रॉडगेज झाला आहे. बरंच झालं, लोकांची सोय झाली. पण त्या छोट्या इंजिनावर आग कशी लावायची, कुठल्या चढाआधी किती फावडी टाकायची, हे कुणी लिहून ठेवलंय का?

भारतात ब्रॉडगेजवर वाफेची इंजिनं १९९५ पर्यंत धावत होती. ऐंशीच्या दशकात विशीत फायरमन म्हणून लागलेला मुलगा आज साठी ओलांडलेला आजोबा आहे. त्याला काम शिकवणारे ड्रायव्हर तर त्याहून कितीतरी मोठे. कुर्डुवाडी, दौंड, मनमाड, भुसावळ या गावांत राहत असाल, तर असे एखादे काका किंवा आजोबा तुमच्याच गल्लीत असतील. कदाचित घरातच.

म्हणून या सुट्टीत दोन कामं करा. पहिलं, छोटं इंजिन चालवा. ‘ओपन रेल्स’ हा सिम्युलेटर फुकट आहे, आणि त्यात स्वतः कोळसा घालायची सोय आहे. दोन-चार वेळा चढावर अडका. दुसरं, अडकून झाल्यावर त्या आजोबांकडे जा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. ‘जुन्या आठवणी सांगा’ असं मोघम विचारू नका. विचारा, पाणी कुठे भरायचात? पावसात ओला कोळसा आला तर काय करायचात? चढ संपल्यावर नळीतलं पाणी खाली गेलं की पोटात गोळा यायचा का? हा शेवटचा प्रश्न ऐकून ते तुमच्याकडे जरा नीट बघतील. पोराला काहीतरी माहीत आहे, हे त्यांच्या लक्षात येईल. मग ते बोलतील.

इंग्लंडातल्या इंजिनांना त्यांची माणसं भेटली. आपल्या फायरमन आजोबांना आपण भेटायला हवं, आणि तेही लवकर.