भाजीवालीच्या पोरालाही बाक द्या
भोपाळमधल्या बिट्टन मार्केटच्या हाटात माझी नात पावशेर मिरच्यांचा हिशेब तोंडी करते. वहीत तेच गणित आलं की अडते. तराजूमागे बसलेला भाजीवालीचा पोरगा तिच्याहून झटपट सुटे पैसे परत करतो. त्याची शाळा मात्र वेगळी. मिशनरी शाळा तर हाटाजवळच आहेत: अरेरा कॉलनीतली कॅम्पियन शाळा जेझुइट मिशनऱ्यांनी १९६५ साली काढली, सेंट जोसेफ शाळाही जवळच. शिक्षणहक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांच्या सक्तीतून अशा अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वगळलं. ठीक. पण सक्ती नाही म्हणून दारही बंदच ठेवायचं? मिशनरी शाळांनी संध्याकाळी दोन वर्ग हाटातल्या मुलांसाठी उघडावेत. आम्ही पालक-आजोबा नुसते प्रगतिपुस्तकावर सह्या करतो, शिकवायला बोलवा. गणित मी घेईन.