विमानवेड्यांनो, दिसले तेवढेच लिहा

पेटोनच्या किनाऱ्यावर उभे राहिले की बंदराच्या पलीकडे, मातिऊ बेटाच्या उजव्या अंगाला, वेलिंग्टनला येणारी-जाणारी विमाने दिसतात. नोव्हेंबरातली गोष्ट. इथे नोव्हेंबर म्हणजे वसंत आणि वसंत म्हणजे वारा. उत्तरेचा वारा असा सुटला होता की डोक्यावर टोपी टिकत नव्हती. आमच्यातला एक नवा मुलगा, नाशिकहून येऊन जेमतेम तीन महिने झालेला, भली मोठी लेन्स लावून उभा होता. कूक सामुद्रधुनीच्या बाजूने उतरायला आलेले एक विमान धावपट्टीला न टेकता पुन्हा चढले आणि बंदरावरून वळून गेले. पोराचे हात थरथरत होते. आमच्या विमानवेड्यांच्या फोनवरच्या गटात फोटो, व्हिडिओ चालत नाहीत, म्हणून त्याने लिहिले, ‘बापरे, विमान पडता पडता वाचले!’ पुढे सहा उद्गारचिन्हे आणि घामाघूम झालेले तीन चेहरे.

अर्धा तास कोणीच काही बोलले नाही. मग एका निवृत्त गृहस्थांचे उत्तर आले, ‘धावपट्टी कोणती? वारा किती?’

पोरगा हिरमुसला. ‘काका, साधे कौतुकही नाही यांना,’ म्हणाला. त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो आहे. लोअर हटमध्ये, ऑकलंडमध्ये, ठाण्यात, जिथे कुठे आपली विमानवेडी माणसे नुसत्या शब्दांवर चालणाऱ्या गटात नव्याने शिरतात, तिथे सगळे याच दगडाला ठेचकाळतात.

आधी फोटोबंदीचे कारण सांगतो. आमच्यातल्या एकांची नजर गेली आहे. आयुष्यभर विमानांवर जीव लावलेला माणूस. फोनमधला आवाज त्यांना संदेश वाचून दाखवतो. फोटो आला की त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि घामाघूम झालेले तीन चेहरे आले की तो आवाज प्रत्येक चेहऱ्याचे नाव ओळीने वाचत बसतो. आता त्यांच्यासाठी लिहायचे तर ‘पडता पडता वाचले’ यातून त्यांना काय कळणार? ‘धावपट्टी ३४, उत्तरेचा जोरदार झोत, एअर न्यूझीलंडचे ए३२०, न टेकता पुन्हा चढले, बंदरावरून डावीकडे वळले’ एवढे लिहिले की त्यांच्या डोळ्यांपुढे सगळे उभे राहते. माझ्याही राहते. वीस फोटोंनी एवढे उभे राहत नाही.

आणि ते विमान पडता पडता वाचले नव्हतेच. तो होता गो-अराउंड, म्हणजे उतरणे जमण्यासारखे नाही असे दिसताच वैमानिकाने पुन्हा वर जाणे. ही शिकवलेली, सरावातली गोष्ट आहे. वेलिंग्टनची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना समुद्र, आणि सामुद्रधुनीतून कोंडून येणारा वारा, म्हणजे हे इथे अधूनमधून व्हायचेच. ‘थोडक्यात बचावले’ हा आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका मथळा आहे. तो घरी ठेवून या.

लोकांना वाटते, नुसत्या मजकुराचा गट म्हणजे काहीतरी जुनाट, अपुरे. विमानवेड्याने तरी असे म्हणू नये. विमानांची दुनियाच शब्दांवर आणि आकड्यांवर उभी राहिली. हवेच्या दाबाला वैमानिक आजही ‘क्यूएनएच’ म्हणतात, ते तारायंत्राच्या काळातले सांकेतिक नाव आहे. वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या सूचना, म्हणजे नोटॅम, वर्षानुवर्षे नुसत्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत आल्या, कारण जुन्या टेलिप्रिंटरला लहान अक्षरेच नव्हती. हवामानाचा मेटार एका ओळीत मावतो. वारा कुठून, किती नॉट, झोत किती, दृश्यता किती, ढग किती उंचीवर. विशेषण एकही नाही, तरी त्या ओळीवर विमान न्यायचे की नाही हे ठरते. (देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे मोठ्या अक्षरांत ओरडायची सोय आपल्याला नाही. ती हौस आपण उद्गारचिन्हांवर भागवतो.)

शब्द सैल पडला तर काय होते, तेही याच दुनियेने पाहिले आहे. २७ मार्च १९७७, टेनेरीफ. धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. केएलएमच्या विमानातून रेडिओवर जे वाक्य गेले त्याचा अर्थ ‘उड्डाणाला सज्ज आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाण सुरू केले’ असाही. नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटले, पुढचे ‘थांबा’ दुसऱ्या संदेशाशी एकाच वेळी आदळून नीट पोचलेच नाही. ५८३ माणसे गेली. धुके, घाई, अशी कारणे आणखीही होती. पण त्यानंतर नियम घट्ट झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, आणि मिळालेली परवानगी नुसते ‘ओके’ न म्हणता शब्दांत परत वाचून दाखवायची. आपल्या हौशी गटात चुकीच्या शब्दाने कोणी मरत नाही, हे खरे. पण ज्या धंद्यावर आपण प्रेम करतो त्याची शिस्त चार ओळी लिहिताना तरी पाळायला काय हरकत आहे?

वेळेचे आधी सांगायला हवे होते, कारण भांडणे तिथूनच लागतात. पुण्यातला मित्र लिहितो, ‘आज सकाळी लोहगाववरून गेले.’ कुणाची सकाळ? जानेवारीत इथे लोअर हटमध्ये बुधवारचे सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात मंगळवारचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि झुलू वेळेत, म्हणजे यूटीसीत, मंगळवारचे अठरा. इथे हिवाळा-उन्हाळ्यात घड्याळ एक तास सरकते, भारतात सरकत नाही, त्यामुळे साडेसहा तास की साडेसात हा घोळ दरवर्षी होतो. वैमानिक करतात तेच करा. वेळ झुलूत लिहा, तारीखही झुलूतली लिहा.

आता स्वभावाचे. आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘सर’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. इथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हजारो तास विमान चालवलेला माणूस स्वतःच्या पहिल्या नावाने सही करतो आणि तुम्हीही त्याला तशीच हाक मारावी अशी त्याची अपेक्षा असते. पाच वेळा ‘सर’ लिहिले की त्याला अवघडल्यासारखे होते. दुसरीकडे, आपल्याला पुणेरी पाटीची सवय. ‘इथे चौकशी करू नये’ वाचून आपण हसतो, कारण पाटी कुणाची, कुठल्या वाड्यावरची आणि मालकाचा चेहरा कसा, हे आपल्याला ठाऊक असते. तोच खवचटपणा परक्या माणसाला लेखी गेला तर त्याला नुसता दरवाजा तोंडावर आपटलेला ऐकू येतो. शब्दाबरोबर भुवई जात नाही. म्हणून टोमणा मारायचाच असेल तर किनाऱ्यावर भेटाल तेव्हा तोंडावर मारा. आणि इथल्या माणसाने दोन शब्दांत प्रश्न विचारला तर तो राग समजू नका. ‘धावपट्टी कोणती?’ म्हणजे ‘तुझे वाचले, मला पुढचे ऐकायचे आहे.’ त्या नाशिककर पोराला हे पटायला दोन महिने लागले.

मी स्वतः जिथे पुरता आपटलो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. गटात कोणीतरी राइट बंधूंचा विषय काढला आणि मी मोठ्या अभिमानाने लिहून टाकले, की १८९५ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, केसरीत बातमीही आली होती. तिकडून प्रश्न आला, ‘केसरीचा अंक कोणता?’ मी शोधायला बसलो. पुस्तकांत उतारे सापडले, ते दुसऱ्या पुस्तकांवरून घेतलेले. अंकाची तारीख, पान, काहीच हाती लागेना. तळपदे हा खरा माणूस, जे. जे.शी संबंधित, विमानविद्येने झपाटलेला. पण ‘उडवले’ हे मी कशाच्या जोरावर लिहिले होते? शाळेत ऐकले होते, एवढ्याच. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासणी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. हे मला अंक विचारणाऱ्या त्याच गृहस्थांनी दाखवले, एकही वाकडा शब्द न वापरता.

मी चिडून विचारले, ‘मग तुमच्या पिअर्सचे काय?’ कारण न्यूझीलंडचाही एक तळपदे आहे. रिचर्ड पिअर्स, साउथ कँटरबरीतल्या वाइतोहीचा शेतकरी. राइट बंधूंच्या आधी, ३१ मार्च १९०३ रोजी, तो स्वतः बांधलेल्या यंत्रात उडाला आणि काटेरी कुंपणावर जाऊन बसला, असे इथे अनेकजण मानतात. तिमारूच्या विमानतळाला त्याचे नाव आहे. फोटो नाही. साक्षी आहेत, पण त्या पुष्कळ वर्षांनी आठवून सांगितलेल्या. मला वाटले, आता हा माणूस माझ्यासारखाच अडकणार. त्याने लिहिले, ‘पिअर्सची पत्रे वाच.’

पिअर्सने १९१५ आणि १९२८ साली वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. त्यांत तो स्वतःच सांगतो की आपण कामाला लागलो ते १९०४ च्या सुमारास, आणि पहिल्या उड्डाणाचा मान राइट बंधूंचा. यंत्र कसे होते, काय जमले, काय जमले नाही, तेही सांगतो. पुढे लोकांनी त्याच्यासाठी जो दावा केला तो त्याने स्वतःसाठी केला नव्हता. मला ती पत्रे वाचून लाजल्यासारखे झाले आणि त्या माणसाबद्दल आदर वाटला तो आजवर उतरलेला नाही. बोली कथेत पिअर्स जगातला पहिला होतो, स्वतःच्या पत्रात तो एक प्रामाणिक शेतकरी राहतो. मला दुसरा जास्त आवडतो. तळपद्यांनी असे एखादे पत्र लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते, असे वाटत राहते.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो आणि तुम्हालाही पाळायला सांगतो. प्रत्येक ओळ लिहिताना हे मी पाहिले, ऐकले, की कुठे वाचले ते त्याच ओळीत लिहावे. आमच्या गटातल्या एका वृद्ध बाईंनी २५ ऑक्टोबर १९५९ ची हकिकत लिहिली होती, वेलिंग्टन विमानतळाच्या उद्घाटनाची. त्या दिवशी हवाई दलाच्या संडरलँड या उडत्या बोटीचा तळ धावपट्टीला घासला आणि ब्रिटिश व्हल्कन बॉम्बर धावपट्टीच्या कडेला आपटून चाके बिघडवून पुन्हा वर गेले, शेवटी ओहाकियाला उतरले. बाईंनी लिहिले, ‘संडरलँड पाहिले. व्हल्कनचा नुसता आवाज ऐकला, तेव्हा मी वडिलांच्या मागे होते. बाकीचे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचले.’ बस. असे लिहा.

अपघाताच्या दिवशी मात्र काहीच लिहू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचे ड्रीमलायनर कोसळले. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. तासाभरात फ्लॅपपासून घातपातापर्यंत सगळी कारणे फोनांवर फिरू लागली, जुने व्हिडिओ नवे म्हणून आले. त्या विमानात डोंबिवलीची, बदलापूरची, पनवेलजवळची मुले कामावर होती. आपल्या गटात त्यांच्या ओळखीचे कोणी नसेल, असे कसे म्हणता येईल? न्यूझीलंडच्या माणसांपुढे एरेबसच्या विमान अपघाताचा विषयही असाच जपून काढावा. २८ नोव्हेंबर १९७९ ला अंटार्क्टिकात २५७ माणसे गेली आणि तो घाव इथे अजून ओला आहे. प्राथमिक अहवाल साधारण महिनाभरात यायचा असतो. तेवढे थांबा. आला की अहवालात लिहिलेले आणि तुम्हाला वाटलेले यांची सरमिसळ करू नका.

दोन लहान गोष्टी. वैमानिक आणि नियंत्रकाचे बोलणे रेडिओवर कानी पडले म्हणून ते शब्दशः गटात टाकू नका. आपल्यासाठी नसलेले संदेश उघड करण्यावर इथल्या १९८९ च्या कायद्याने बंधन आहे. आणि सुट्टीवर पुण्याला गेलात तर लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे हे विसरू नका. फोटो काढला नाही, नुसते लिहिले, तरी लढाऊ विमानांच्या वेळा आणि आकडे लिहिणे हा छंद नव्हे.

उत्तरेचा वारा सुटला की पेटोनला या. थर्मासमध्ये चहा असतो, तुमच्यासाठी एक कप जास्त आणू. विमान पुन्हा वर चढले तर फोन लगेच काढू नका, ते नजरेआड होईपर्यंत बघा. मग चार ओळी लिहा. वेळ झुलूत, धावपट्टी, वारा, आणि तुम्ही काय पाहिले. आमच्यातला एकजण ते ऐकायला घरी थांबलेला असतो.