चांभारचौकशा

माझ्या घड्याळाचा पट्टा गेल्या महिन्यात पुन्हा तुटला. घड्याळ एचएमटीचं ‘जनता’. १९७५ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. रोज सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत बघायला नको. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ठरवलं. माझं घड्याळ मात्र चालू आहे. टिकत नाही तो पट्टा.

आधीचा पट्टा बाजारातल्या एका मोठ्या, झगझगीत दुकानातून घेतला होता. काउंटरवरच्या पोराने घड्याळाकडे एक नजर टाकली, “अठरा एमएम” म्हणाला, दीडशे रुपयांचा पट्टा चढवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. विचारलं काहीच नाही. चार महिन्यांत वरचा पापुद्रा सुटला आणि आतून पुठ्ठ्यासारखं काहीतरी डोकावू लागलं.

म्हणून या वेळी सुभाषनगरात गेलो. आमच्या कोल्हापुरात चपला करणारी बरीच घरं तिथे आहेत. ओळखीच्या एका कारागिरांना म्हटलं, “घड्याळाचा पट्टा करून द्याल का?” त्यांनी घड्याळ हातात घेतलं आणि प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली. “सर, कुठल्या हातात घालता? घाम लई येतो काय? झोपताना काढता का नाही? उन्हाळ्यात मनगट फुगतंय काय? हात धुताना पाणी लागतंय?”

मी मनात म्हणालो, ‘काय या चांभारचौकशा!’

आणि चपापलो. समोर कोण बसलंय याचं भान आलं.

नंतर तासभर तिथेच बसलो. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पट्ट्यात उतरताना पाहिलं. घाम येतो म्हणून त्यांनी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं घेतलं, वर रंगाचा थर नसलेलं. तुकडा पाठीकडचा निवडला, कारण पोटाकडचं कातडं ताणलं की सैल पडतं. मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. घड्याळाच्या काडीवरून जिथे कातडं दुमडतं, तिथे रापीने तासून पातळ केलं, नाहीतर तिथे जाड गाठ होते आणि हाताला बोचते. आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने दोन सुयांनी शिवलं. म्हणाले, “मशीनची शिलाई एका जागी तुटली की उसवत जाते सर. ह्यातला एक टाका गेला तरी बाकीचे धरून राहतात.” साडेतीनशे रुपये घेतले.

आता मला सांगा, यातली कोणती चौकशी फाजील होती? ज्याने काहीच विचारलं नाही त्याचा माल चार महिन्यांत फाटला. ज्याने सगळं विचारलं त्याच्या व्यवसायाचं नाव आपण ‘नसत्या उठाठेवी’ला देऊन मोकळे झालो! डॉक्टरांनी हेच प्रश्न विचारले तर आपण त्याला ‘हिस्टरी घेणं’ म्हणतो आणि बाहेर येऊन सांगतो, किती बारकाईने तपासतात हो.

तुम्ही म्हणाल, “सर, शब्द रूढ आहे. कोणाला हिणवायचा हेतू नसतो.” तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवताना मीही हेच म्हणत आलो. सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, “सर, ‘पाणी’चं अनेकवचन का होत नाही?” प्रश्न उत्तम होता. मला उत्तर चटकन सुचलं नाही, म्हणून मी म्हणालो, “पुरे तुझ्या चांभारचौकशा.” वर्ग खो खो हसला. त्याच्या वडिलांचं जोडे दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडजवळ होतं. हे मला माहीत होतं, वर्गालाही माहीत होतं. माझा हेतू हिणवण्याचा नव्हता. पण त्या मुलाने वर्ष संपेपर्यंत दुसरा प्रश्न विचारला नाही. हेतू माझ्यापाशी राहिला, शब्द त्याला लागला.

जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपण केवढे संतापलो! संताप योग्यच होता. पण त्याच आठवड्यात आमच्या कट्ट्यावर दोन जण चपलेच्या जोडीमागे पन्नास रुपये पाडून आणल्याची फुशारकी मारत होते. चपलेचा अभिमान आपला, ती करणारा मात्र घासाघीस करायला. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या सरकार बदलेल. आपल्या तोंडातला शब्द कोणता जीआर बदलणार?

हा शब्द कोशातून काढून टाका असं मी म्हणत नाही. समाज कसा बोलत होता ते कोशात राहायलाच हवं. पण मुलाने प्रश्न विचारला की त्याचं तोंड बंद करायला तो वापरू नका. विशेषतः शिक्षकांनी. उत्तर येत नसेल तर “उद्या बघून सांगतो” एवढं म्हणता येतं. मला ते त्या दिवशी म्हणता आलं नाही.

असो. कातडं नवं आहे, पंधरा दिवसांत थोडं सैल पडेल, तेव्हा आणखी एक भोक पाडून घ्यायला या, असं त्यांनी सांगितलंय. पुढच्या मंगळवारी जाणार आहे. पुन्हा काय काय विचारतील, त्याची या वेळी नीट उत्तरं देईन म्हणतो.